फळाची आशा सोडायची, मग अप्रेजल पण सोडायचं का?

तरुण मुलांसमोर गीतेचं नाव काढलं की पाच मिनिटांत कोणीतरी हा प्रश्न विचारतंच, शब्द जरा इकडेतिकडे पण प्रश्न हाच. आमच्या भाच्याने तर एकदम पॉईंटावर बोट ठेवलं. तो ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे, वर्षभर रात्री जागून जागून प्रोजेक्ट ओढला आणि रेटिंग आलं मधलंच, वर मॅनेजर त्याला सांगतो की तू काम करत राहा, फळाचा विचार करू नकोस. तर हा जेवता जेवता मला म्हणतो, "मावशी, तुझा तो कृष्ण आमच्या एचआरमध्ये होता काय गं?"

हसले मी. पण प्रश्न खोटा नाहीये. "कर्मण्येवाधिकारस्ते" हे वाक्य आपल्याकडे इतकं वापरून वापरून गुळगुळीत झालंय की ज्याला ज्याला दुसऱ्याकडून फुकटात काम करून घ्यायचंय त्याने त्याने ते भिंतीवर लावलंय. ऑफिसच्या भिंतीवर, क्लासच्या भिंतीवर, ट्रकच्या मागे. आणि मग पंचविशीतल्या पोराला वाटतं की हे सगळं म्हणजे गरिबाने गप्प बसावं म्हणून काढलेली युक्ती आहे. वाटणारच.

मला मात्र मनापासून वाटतं की निष्काम कर्म ही गोष्ट वीस ते पस्तीस या वयातल्या माणसाला जेवढी उपयोगी आहे तेवढी कोणालाच नाही. आपल्याकडे उलटंच असतं, नोकरी संपली, मुलांची लग्नं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, की मग 'आता जरा अध्यात्माकडे वळू'. अहो, तेव्हा फळाची आशा सोडायला फळ उरलेलं तरी असतं का? सोडायचीच तर जेव्हा खरोखर जीव अडकलेला असतो तेव्हा सोडायला शिकावी. रिझल्ट लागायचाय, पगार वाढायचाय, लग्न ठरायचंय, घराचं लोन मंजूर व्हायचंय, तेव्हा. आणि अर्जुनाला हे सगळं सांगितलं गेलं ते काही हरिद्वारच्या घाटावर नाही, समोर सैन्य उभं होतं, कामाचा अगदी पीक अवर.

तर पहिला मुद्दा अप्रेजलचा. गीतेत कुठेही असं म्हटलेलं नाही की तुझ्या हक्काचं मागू नकोस. दुसऱ्या अध्यायातला तो सत्तेचाळिसावा श्लोक, त्याचे चार तुकडे आहेत आणि आपण पहिले दोन पाठ करून मोकळे होतो. तुझा अधिकार कामावर आहे, फळावर नाही, इथपर्यंत सगळ्यांना येतं. पुढे आहे की फळ हेच तुझ्या कामाचं कारण होऊ देऊ नकोस, आणि शेवटचा तुकडा तर कोणी सांगतच नाही, की काम न करण्यातही अडकू नकोस. म्हणजे 'मिळणार नाहीच तर कशाला करू' असं म्हणून हातपाय गाळून बसायची सोयच ठेवलेली नाहीये. आणि कृष्ण स्वतः काय करतो ते बघा ना. हाच कृष्ण युद्धाच्या आधी पांडवांचा वकील होऊन हस्तिनापूरला गेला, भर सभेत उभं राहून त्यांचा वाटा मागितला, पांडवांची तर पाच गावांवरसुद्धा समेट करायची तयारी होती. ही वाटाघाटीच झाली की! फळाची आशा सोड म्हणून सांगणाऱ्याने आधी हक्काचं मागून बघितलं, नीट, तोंडावर, सगळ्यांसमोर. तेव्हा भाच्याला मी सांगितलं की तू आपला मुद्देसूद मेल लिही, केलेल्या कामाची यादी जोड, नाहीच जमलं तर दुसरी नोकरी बघ, यातलं काहीही निष्काम कर्माच्या आड येत नाही.

मग सोडायचं नेमकं काय? तर काम हातात असताना डोक्यात जो हिशेब चालू असतो ना, तो. तुम्ही एक्सेल शीट उघडून बसलाय आणि डोकं निम्मं शीटमध्ये, निम्मं 'हे बघून सर काय म्हणतील' मध्ये. अभ्यासिकेत बसलेली मुलं बघा, दादर परळला कितीतरी आहेत, पुस्तक समोर आणि मोबाईलवर मागच्या वर्षीचा कटऑफ. चार तासांतले दोन तास त्या कटऑफने खाल्लेले. मी बँकेत आहे, आमच्याकडे टार्गेट नावाचा जो प्रकार असतो त्याने माणसाचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. समोर म्हातारे आजोबा एफडी मोडायला आलेत आणि काउंटरवरच्या मुलीला त्यांच्यात एक इन्शुरन्स पॉलिसी दिसतेय. ती मुलगी वाईट नाहीये हो, तिला फळाने धरलंय.

आता एक गोष्ट सांगते जी फारशी कोणी सांगत नाही, निदान मला कोणी सांगितली नव्हती. अठराव्या अध्यायात चौदावा श्लोक आहे, त्यात म्हटलंय की कुठलंही काम घडून यायला पाच गोष्टी लागतात. अधिष्ठान म्हणजे जागा किंवा आधार, मग करणारा, मग साधनं, मग वेगवेगळे प्रयत्न, आणि पाचवं दैव. आणि लगेच पुढे असंही आहे की एवढं असून जो स्वतःला एकट्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाहीये. मला हे वाचल्यावर अगदी हायसं वाटलं. कारण हा उपदेश कमी आणि हिशेब जास्त आहे. एमपीएससी देणाऱ्या मुलाचं उदाहरण घ्या. अभ्यास त्याचा, पण घरात बसायला जागा आहे का, पुस्तकं क्लास मोबाईल नेट परवडतं का, किती वेळा आणि कशा पद्धतीने अभ्यास केला, आणि मग परीक्षा पुढे गेली, भरती कोर्टात अडकली, त्याच दिवशी ताप आला, हे सगळं मिळून निकाल लागतो. पाचातला एक तू. मग नापास झालास तर 'मी नालायक' हे जसं चूक तसंच पास झालास तर 'सगळं मीच केलं' हेही चूक. दोन्ही बाजूंनी माणूस मोकळा होतो. आजकाल पोरं एका निकालावर स्वतःची अख्खी किंमत लावून बसतात आणि नंतर जे होतं ते आपण पेपरात वाचतोच, तेव्हा मला हा श्लोक दहावीच्या प्रत्येक वर्गात सांगावासा वाटतो.

तिथेच जरा पुढे काम करणाऱ्यांचे तीन प्रकार दिलेत, सात्त्विक राजस तामस. सात्त्विक म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर कोण येतं? डोळे मिटलेला, हळू बोलणारा, कांदा लसूण न खाणारा कोणीतरी. गीतेतला सात्त्विक कर्ता तसला नाहीच. तो आसक्ती सोडलेला, मी मी न करणारा, आणि धीर आणि उत्साह यांनी भरलेला, असं लिहिलंय. उत्साह! झालं न झालं तरी ज्याचा चेहरा फार बदलत नाही, पण काम मात्र दणकून करतो. आमच्या लालबागला गणपतीच्या मंडपात रात्री तीन वाजता बांबूवर चढून दोऱ्या बांधणारा जो असतो ना, ज्याचा फोटो कधीच बॅनरवर येत नाही, तो मला या वर्णनात बसतो. राजस म्हणजे हर्ष आणि शोक यांच्यात सतत वरखाली होणारा, लाईक आले की वर, नाही आले की खाली. आणि तामसच्या यादीत एक गंमत आहे, त्यात आळशी तर आहेच पण दीर्घसूत्री पण आहे, म्हणजे 'करतो उद्या, करतो उद्या' वाला. हे मी भाच्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "मावशी, हे पर्सनल होतंय." (त्या यादीत विषादी म्हणजे कायम खिन्न राहणारा असाही शब्द आहे, त्यावरून कोणी असा अर्थ काढू नका की ज्याला डिप्रेशन आहे तो तामसी. तो आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो, गोळ्या लागतात, आणि तिथे गीतेचे श्लोक फेकून मारणाऱ्या नातेवाईकांना घराबाहेर ठेवावं.)

बरं, निष्काम म्हणजे ध्येयच नको असं समजणारे पण भेटतात. त्यांना मी टिळकांचं नाव सांगते, आणि तेही गिरणगावातली म्हणून जरा जास्तच अभिमानाने सांगते. २२ जुलै १९०८ ला मुंबई हायकोर्टात टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली, दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षं पूर्ण होणार होती. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर ते जे बोलले ते आज त्याच कोर्टात दगडावर कोरलेलं आहे, की मी निर्दोष आहे आणि जगाचं नियमन करणाऱ्या वरच्या शक्ती आहेत. आणि बाहेर आमच्या परळ लालबागच्या गिरणी कामगारांनी काय केलं, तर सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा बंद. वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली. त्या कामगारांना त्यातून काय मिळणार होतं? पगारवाढ नाही, बोनस नाही, उलट सहा दिवसांचा रोज बुडाला, तोही अशा घरातला जिथे रोजावरच चूल पेटायची. टिळक तिकडे मंडालेच्या तुरुंगात गेले, मधुमेह होता, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने वह्यांवर गीतारहस्य लिहून काढलं. सगळा ग्रंथ कशावर, तर ज्ञान झालं तरी काम सोडायचं नाही, संसारात राहून लोकांसाठी काम करत राहायचं, हेच गीतेचं सांगणं आहे, यावर. तिथे असतानाच १९१२ मध्ये त्यांची बायको गेली, भेट नाही. १९१४ ला सुटले, १९१५ ला पुस्तक छापलं. आणि १ ऑगस्ट १९२० ला इथेच क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात गेले. स्वराज्य आलं ते त्यानंतर सत्तावीस वर्षांनी. आता या माणसाला ध्येय नव्हतं असं कोण म्हणेल? ध्येय होतं, अगदी गर्जना करून सांगितलेलं होतं. फक्त ते आपल्या डोळ्यांनी बघायला मिळालंच पाहिजे ही अट त्यांनी कामाला लावली नव्हती.

टिळक फार मोठे, पुस्तकातले वाटतात, असं मुलं म्हणतात. ठीक आहे, मग गाडगेबाबा घ्या. २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परीट समाजातले डेबूजी, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, १९०५ ला घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि डोक्यावर किंवा हातात ते मातीचं गाडगं. गावात शिरायचं, कोणाला काही न विचारता रस्ता झाडायला सुरुवात करायची, दिवसभर गाव झाडून झालं की रात्री त्याच गावात कीर्तन, आणि कीर्तनात लोकांनाच उलटसुलट प्रश्न. कर्ज काढून सणवार करू नका, दारू पिऊ नका, देवाला कोंबडं बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला. पाया पडू द्यायचे नाहीत, शिष्य केला नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी असल्या ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः राहिले बाहेरच. त्यांना संस्कृत येत नव्हतं, पण कर्मयोग ज्याला म्हणतात तो हातात खराटा घेऊन चालताना कसा दिसतो ते या माणसाने अख्ख्या महाराष्ट्राला दाखवलं. त्यांच्या नावाची धर्मशाळा आपल्या दादरला आहे, बाहेरगावाहून कॅन्सरच्या उपचाराला आलेले पेशंट आणि त्यांच्याबरोबरची माणसं तिथे राहतात. रोज हजारो लोक तिच्या आसपासच्या रस्त्याने जातात येतात, आपल्यातल्या कितीजणांनी आत डोकावलंय?

आणि इथे मला जे खरं सांगायचंय त्यावर येते. परळला टाटा हॉस्पिटल आहे, शेजारी केईएम, वाडिया. टाटाच्या बाहेरचा फुटपाथ ज्याने बघितलाय त्याला वर्णन करून सांगायला नको. आपण मुंबईकर तिथून बसने जाताना मान दुसरीकडे वळवतो, मीसुद्धा वळवते. एका दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी, मी तिथल्या बसस्टॉपवर उभी होते आणि मला आमच्या चाळीतला एक मुलगा दिसला. दिवसा कुरिअरचं काम करतो, वडील नाहीत, आई डबे देते, मंडळात तो कधी पुढे नसतो. तर तो फुटपाथवर उकिडवा बसलेला, समोर एक वऱ्हाडातला माणूस, पायजमा, पांढरी टोपी, मांडीवर ती प्लास्टिकची पिशवी असते ना कपड्याच्या दुकानातली, तिच्यात फाईल, एक्सरेचं मोठं पाकीट आणि बिस्किटाचा पुडा. तो माणूस विचारत होता, "हे कुठी मिळते भाऊ?" आणि कागद उलटा धरलेला. आमच्या पोराने कागद घेतला, सरळ केला, वाचला, मग शांतपणे सांगितलं की काका, ही तपासणी आज नाहीये, मंगळवारची तारीख आहे, सकाळी उपाशीपोटी यायचंय, चहासुद्धा नाही. मग पाठकोऱ्या कागदावर मोठ्या मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मंगळवार. सकाळी सात. काही खायचं नाही. कुठल्या गेटने आत, कुठला मजला. मग परत वाचून दाखवलं. मग म्हणाला, आता तुम्ही मला सांगा. त्या माणसाने सांगितलं, एक गोष्ट चुकली, तर पोराने परत सगळं पहिल्यापासून. कंटाळा नाही, घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही.

मी काही हाक मारली नाही. नंतर जिन्यात भेटला तेव्हा विचारलं तर लाजला, म्हणाला, "काय नाय काकू, शनिवारी दुपारी रिकामाच असतो ना मी." आईलासुद्धा माहीत नव्हतं. कसं सुरू झालं विचारलं तर म्हणे वडिलांच्या वेळेला एका अनोळखी माणसाने असंच सगळं समजावून दिलं होतं, त्याचं नावसुद्धा विचारायचं राहिलं.

सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार आहेत, त्यात उत्तम दान कोणतं तर जो उलट काही करू शकणार नाही त्याला, योग्य जागी, योग्य वेळी, द्यायला हवं म्हणून दिलेलं. आणि परतफेड होईल म्हणून किंवा काहीतरी मिळेल म्हणून, नाहीतर कुरकुरत दिलं तर ते राजस. त्या वऱ्हाडातल्या माणसाची आणि आमच्या पोराची पुन्हा गाठ पडायची नाही. तो स्टार देणार नाही, रिव्ह्यू देणार नाही, टॅग करणार नाही. हे दान वेळेचं होतं, आणि मुंबईत वेळ पैशापेक्षा महाग आहे हे काय मी सांगायला पाहिजे, इथे लोक लोकलमधून उतरण्याआधी चालायला लागतात.

तर तरुण मंडळींना माझं सांगणं एवढंच आहे की आठवड्यातलं एक काम असं ठेवा जे कोणाला कळणार नाही. कोणाला म्हणजे कोणालाच. स्टेटस नाही, रील नाही, आईला नाही, बॉयफ्रेंडला नाही. ते काम देवळातलंच पाहिजे असं नाही, शक्यतो नसावंच. चाळीतल्या आजींचं पेन्शनचं हयातीचं काम मोबाईलवर करून देणं असेल, बीएमसीच्या शाळेतल्या दोन मुलांचं गणित असेल, काहीही. न सांगता केलं की आत काय काय गंमत होते ते बघा. पहिले काही वेळा जीव नुसता खाजतो सांगायला. मीच कशी भारी असं वाटतं, मग आपल्यालाच आपलं हसू येतं, मग हळूहळू ते काम नुसतं काम उरतं. आणि मग ऑफिसातल्या कामातसुद्धा तसं वाटायला लागतं, म्हणजे सगळ्या दिवसभर नाही, पण मधेमधे. दुसऱ्या अध्यायातच आहे की या धर्माचं थोडंसं जरी झालं तरी ते मोठ्या भीतीतून सोडवतं, सुरुवात वाया जात नाही. एवढी सवलत दुसऱ्या कुठल्या कोर्समध्ये मिळते का?

माझी मैत्रीण म्हणाली की यातही स्वार्थ आहेच, बरं वाटतं म्हणून करतो आपण. असेल बाई. बरं वाटणं काही गुन्हा नाही. बरं वाटलं नाही त्या दिवशीपण गेलो तर समजायचं की गाडी रुळावर आहे.

आता एक कडू गोष्ट, ती टाळून पुढे गेले तर मला झोप लागणार नाही. निष्काम कर्मयोग आपल्या समाजात सगळ्यात जास्त कोणाला शिकवला गेला असेल तर सुनांना. पहाटे उठा, सगळ्यांचं करा, शेवटी जेवा, आणि कौतुकाची अपेक्षा ठेवू नका. शिकवणारे स्वतः मात्र गरम पोळीची अपेक्षा ठेवून पाटावर बसलेले. हा कर्मयोग नाही, ही वेठ आहे. तेच ऑफिसचं, तेच काही बाबा बुवांच्या आश्रमातल्या 'सेवे'चं. फरक ओळखायचा कसा? माझी आपली साधी खूण आहे, जो तुम्हाला फळ सोडायला सांगतोय तो तुमचं सोडलेलं फळ स्वतःच्या पिशवीत टाकतोय का ते बघायचं. टाकत असेल तर सरळ उठून चालू पडायचं. मुलींना तर मी हे दोनदा सांगते. कृष्णाने अठरा अध्याय बोलून झाल्यावर अर्जुनाला काय सांगितलं, तर यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. समोरच्याला एवढं मोकळं सोडणारा गुरू असेल तर ऐकावं, सही घेणाऱ्याचं ऐकू नये.

आणि हो, धर्म म्हणजे कोणाच्या तरी विरुद्ध ओरडणं एवढंच ज्यांना माहितीये त्यांच्याशी मला वाद घालायचा नाहीये, वेळ नाही. डीजेचा आवाज कमी करा एवढं सांगितलं तरी आमच्याकडे मंडळात दोन गट पडतात.

कुठून वाचायला सुरुवात करू असं काहीजण विचारतात. गीता आहे सातशे श्लोकांची, एकदम सगळी घेऊ नका. बारावा अध्याय घ्या, वीसच श्लोक आहेत, लोकलमध्ये दादर ते ठाणे होऊन जातो. संस्कृत जड जात असेल तर विनोबांची गीताई घ्या, त्यांच्या आईला संस्कृत कळायचं नाही, तिने सांगितलं की मग तूच कर की मराठीत, आणि ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९३०-३१ मध्ये, त्यांनी ते केलं. त्यांची गीतेवरची प्रवचनं पण आहेत, १९३२ ची, धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर दिलेली आणि साने गुरुजींनी तिथेच बसून लिहून घेतलेली. कैद्यांना समजेल अशी भाषा आहे, आपल्याला समजायला हरकत नाही. सहावा अध्याय जमला तर रात्री बाराच्या आधी वाचा, कारण त्यात लिहिलंय की फार झोपणाऱ्याला जमत नाही तसं फार जागणाऱ्यालाही जमत नाही, खाणं फिरणं काम झोप सगळं बेताचं पाहिजे. रात्री दोनला रील बघत बघत हे वाचलं तर उगाच अपराधी वाटेल.

आणि हे वाचून कोणाला खरंच परळला जावंसं वाटलं तर परस्पर फुटपाथवर जाऊन उभे राहू नका. मोठ्या हॉस्पिटलांमध्ये समाजसेवा विभाग असतो, तिथे जाऊन आधी विचारा, त्यांना माणसं कुठे लागतात ते त्यांनाच माहीत असतं. पेशंटला औषधाबद्दल एक अक्षर सांगायचं नाही, आमच्या मावसबहिणीला काढा घेऊन बरं वाटलं वगैरे तर अजिबातच नाही. पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे तर नाहीतच. फोटो काढायचा नाही. हिंदी, आणि जमलं तर थोडं बंगाली येणारं कोणी असेल तर फार उपयोग होतो, कारण लोक पार बिहार, बंगालहून येतात. पाण्याची बाटली घ्या, पाठकोरे कागद घ्या, आणि पेनं दोन तीन न्या, कारण हातात दिलेलं पेन परत येत नाही.